मुलीला सिकलसेल आहे, शाळेत सांगू का? आणि दिव्यांग सर्टिफिकेट काढू का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी नववीत आहे, सिकलसेल एसएस (म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचा जीन आलेला, आजार असलेला प्रकार). दिसायला चारचौघींसारखी, अभ्यासात बरी, पण मधूनमधून दोन-तीन दिवस हातपाय धरून पडून राहते, शाळा बुडते. आता वर्गशिक्षिका तुम्हाला म्हणाल्या की पोरगी नाटकं करते, चाचणी जवळ आली की बरोबर हिचे पाय दुखतात. घरात सासूबाई म्हणतात कोणाला कळू द्यायचं नाही, उद्या लग्न व्हायचंय. तुम्ही विचारलंय की शाळेत सांगू की नको, आणि सर्टिफिकेट काढलं तर मुलीवर कायमचा शिक्का बसेल का.

मी विदर्भात सिकलसेलच्या कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम बरीच वर्षं करतेय. डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधाचे डोस वगैरे मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच. पण शाळा, हॉस्टेल, कागदपत्रं, नातेवाईक हे सगळं मी रोज बघते. माझं उत्तर सरळ आहे: शाळेत सांगा, तोंडी नको तर लेखी सांगा, आणि सांगताना दया मागू नका, नेमक्या सोयी मागा. सर्टिफिकेटसाठीही अर्ज करा. आता का आणि कसं ते सविस्तर लिहिते, जरा मोठं होईल.

आधी शरीरात काय होतं ते, कारण शिक्षकांना हे समजावून सांगायची वेळ तुमच्यावरच येणार आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन बदललेलं असतं. ऑक्सिजन कमी पडला, पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला की या पेशी कडक होऊन विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे पुढे रक्त पोचत नाही, आणि हाडाच्या आतल्या भागाला रक्त मिळालं नाही की जे दुखतं त्याला क्रायसिस म्हणतात. शिवाय साधी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही बिचारी 10 ते 20 दिवसांतच फुटते, म्हणून एचबी कायम कमी, म्हणून दम लागतो, म्हणून डोळे पिवळे दिसतात. (डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे लगेच काविळीची माळ घालायला नेतात, त्यात वेळही जातो आणि पैसाही. ही पेशी फुटल्यामुळे आलेली पिवळी झाक असते, ती माळेने जात नाही.)

आता बघा, यातलं वर्गातून काय दिसतं? काहीच नाही. सूज नाही, जखम नाही, प्लॅस्टर नाही. हाडाच्या आत चालू असलेलं दुखणं बाहेरून दिसत नाही, आणि दवाखान्यात नेलं तरी क्रायसिस मोजणारी कुठलीही रक्ताची टेस्ट नाही, एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मल येतो, नाडी आणि बीपीसुद्धा कधीकधी ठीक असतं. दुखणं किती आहे हे फक्त ज्याचं दुखतंय तोच सांगू शकतो. गडचिरोलीकडच्या एका मुलाने मला सांगितलं होतं, "माहे पाय आतून कोणी मोडून राह्यलं असं वाटते." यापेक्षा चांगलं वर्णन मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलेलं नाही.

लोकांचा विश्वास न बसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मधले चांगले दिवस. सोमवारी मुलगी मैत्रिणींसोबत लंगडी खेळते आणि बुधवारी तिला पलंगावरून उठता येत नाही, मग शिक्षकांना वाटतं सोमवारी तर चांगली होती. पण हा आजार असाच आहे, येतो-जातो. आणि परीक्षेच्या वेळीच का दुखतं हाही प्रश्न खरा आहे, त्याचं उत्तरही खरं आहे: परीक्षेच्या आठवड्यात मुलं कमी झोपतात, कमी पाणी पितात, धड जेवत नाहीत, टेन्शन घेतात, आणि नेमक्या याच गोष्टींनी क्रायसिस येतो. म्हणजे बाईंनी बघितलं ते बरोबर बघितलं, त्याचा अर्थ तेवढा उलटा लावला. हे त्यांना असंच शांतपणे सांगा, बऱ्याच शिक्षकांना हे पहिल्यांदाच कळतं आणि कळल्यावर ते बदलतात, मी बघितलंय.

दुसरं एक. ज्या मुलांना लहानपणापासून दुखतं ती रडत नाहीत. दुखणं दहापैकी आठ असताना मोबाईलवर कार्टून बघणारी मुलं मी पाहिलीत, कारण लक्ष दुसरीकडे वळवणं हाच त्यांनी स्वतः शोधलेला उपाय असतो. आणि वॉर्डातसुद्धा कोणीतरी म्हणतंच, "काही नाही झालं तुले, मोबाईल तर पाहून राह्यली." मग काय होतं, मुलं दोनपैकी एक रस्ता धरतात. काही जण जोरात ओरडायला शिकतात, कारण शांतपणे सांगितलं तर कोणी ऐकत नाही हे त्यांना कळलेलं असतं. आणि काही जण सांगणंच बंद करतात, ताप असताना पीटीच्या तासाला उभी राहतात, छातीत दुखत असताना गप्प बसतात. मला दुसऱ्या प्रकारच्या मुलांची जास्त भीती वाटते, मुलींमध्ये ही सवय जास्त दिसते, तुमच्या मुलीला नक्की विचारा की ती किती वेळा सांगतच नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. लंडनमध्ये 2019 साली एव्हन स्मिथ नावाचा 21 वर्षांचा सिकलसेलचा तरुण हॉस्पिटलमध्ये ऍडमिट होता, ऑक्सिजन मागत होता, मिळाला नाही म्हणून त्याने हॉस्पिटलच्या बेडवरूनच इमर्जन्सी नंबरला फोन केला. तो वाचला नाही. त्यानंतर तिथल्या खासदारांच्या गटाने 2021 मध्ये अहवाल काढला आणि त्यात सिकलसेलच्या रुग्णांचं ऐकूनच घेतलं जात नाही हे स्पष्ट लिहिलं. पैसा आहे, यंत्रं आहेत, तरी न दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवायला माणूस तयार नसतो. म्हणून मी पालकांना आणि शिक्षकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, आधी विश्वास ठेवा, तपासणी नंतर करा. एखाद्या दिवशी मुलगी खरंच कंटाळा म्हणून घरी राहिली तर एक दिवस जाईल. दुखत असताना खोटं ठरवलं तर जीव जाऊ शकतो, आणि जीव नाही गेला तरी ती पुढच्या वेळी सांगणार नाही.

आता शाळा. इथे मी जास्त लिहिणार आहे कारण मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि ज्या सोयी लागतात त्यांना पैसाच लागत नाही.

पहिली सोय पाणी. बाकावर पाण्याची बाटली ठेवू द्यायची आणि तास चालू असताना प्यायला द्यायचं. शिस्त म्हणून तासाला पाणी प्यायची बंदी असलेल्या शाळा आहेत, सिकलसेलच्या मुलाला ती बंदी थेट दवाखान्यात नेऊ शकते, त्यात चंद्रपूर-नागपूरचा एप्रिल असेल तर विचारूच नका.

दुसरी सोय संडास-बाथरूम. हे बहुतेकांना माहीत नसतं. सिकलसेलमध्ये किडनीची लघवी घट्ट करायची ताकद लहान वयातच कमी होते, त्यामुळे लघवी जास्त होते, वारंवार होते. पाणी जास्त प्यायचं तर जावंच लागणार. "आत्ताच तर गेली होतीस" म्हणून बसवून ठेवलं की मुलं पाणी पिणं बंद करतात, आणि मुलींच्या बाबतीत बाथरूम घाण असेल, कडी नसेल, तर त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. याच कारणाने ही मुलं मोठी झाली तरी रात्री अंथरूण ओलं करतात. आश्रमशाळेत, हॉस्टेलमध्ये यावरून जे होतं ते मी ऐकलेलं आहे, सगळ्यांसमोर गादी वाळत घालायला लावणं, नावं ठेवणं, आणि मग पोरगं दिवाळीला घरी जातं ते परत येतच नाही. अधीक्षकांनी एवढं जरी समजून घेतलं की हा किडनीचा भाग आहे, आळस नाही, आणि त्या मुलाला बाथरूमजवळची खाट दिली, रात्री एकदा उठवलं, तरी एक शिक्षण वाचतं.

तिसरं पीटी आणि खेळ. इथे दोन्ही टोकं चुकीची आहेत. काही शाळा मुलाला मैदानावरच येऊ देत नाहीत, गॅदरिंगच्या नाचातूनही काढतात, ते करू नका, खेळ या मुलांना हवा असतो. फक्त दम लागला की थांबायची मुभा हवी, सर शिट्टी वाजवेपर्यंत थांबायचं नाही असं चालणार नाही. उन्हात उभं राहायची शिक्षा नको, मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा तर अजिबात नको. भिजलं तर लगेच कोरडे कपडे, थंडीत युनिफॉर्मवर स्वेटर घालायची परवानगी, मग तो शाळेच्या रंगाचा असो नसो. खिडकीतून गार वारं येतं तिथून बाक हलवा. आणि हे लक्षात ठेवा, दुखायला लागलं की खेळातल्या दुखापतीसारखा बर्फ लावायचा नाही. थंडीने पेशी आणखी अडकतात. गरम शेक, पाणी, डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी, आणि घरी फोन. ती गोळी शाळेत ऑफिसमध्ये एका पाकिटात नाव लिहून ठेवा, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स.

चौथं, आयर्नच्या गोळ्या. शाळेत दर आठवड्याला मुलामुलींना लोहाची गोळी देतात, योजना चांगली आहे, पण सिकलसेलमध्ये एचबी कमी असतं ते पेशी फुटतात म्हणून, लोह कमी आहे म्हणूनच असं नाही. ज्या मुलांना वारंवार रक्त चढवलंय त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी नको. डॉक्टर वेगळी फॉलिक ऍसिडची गोळी देतात, ती चालू ठेवायची. हायड्रॉक्सीयुरिया (क्रायसिस कमी करणारं औषध) चालू असेल तर तेही, बरं वाटतंय म्हणून बंद करू नका, त्याचा परिणाम यायलाच काही महिने लागतात आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. ज्या मुलांचं हे औषध नीट चालू असतं त्यांचे क्रायसिस आणि ऍडमिशन बऱ्याच जणांत कमी होतात, म्हणजे शाळेची हजेरीही वाढते, त्यामुळे हजेरीबद्दल तक्रार करणाऱ्या हेडमास्तरांनाही दवाखान्यात औषध आणायला जायच्या दिवशी सुट्टी द्यायला काही हरकत नसावी.

पाचवं, हजेरी आणि परीक्षा. बुडलेल्या दिवसांच्या नोट्स कोण देणार हे आधीच ठरवून घ्या, एक मैत्रीण, एक शिक्षक. चाचणी बुडाली तर परत घ्यायला लावा. दहावीच्या बोर्डाला अशा मुलांसाठी जादा वेळेची तरतूद आहे, तासाला 20 मिनिटं या हिशोबाने, पण ती आपोआप मिळत नाही, शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो, सोबत वैद्यकीय कागद. मुलगी आत्ता नववीत आहे ना, मग आत्तापासूनच लागा, जानेवारीत धावपळ करून काही होत नाही. हजेरी कमी पडली म्हणून शाळा "17 नंबर फॉर्म भरा, बाहेरून बसवा" म्हणाली तर लगेच हो म्हणू नका. मी पाहिलेल्या बऱ्याच मुली अशाच बाहेर गेल्या आणि मग शिक्षण सुटलं, कारण बाहेरून बसायचं म्हणजे घरीच राहायचं आणि घरी राहिलेल्या मुलीला कामं असतात.

हे सगळं एका पत्रात लिहून द्या. मी कुटुंबांना साधारण असं लिहायला सांगते:

"माझी मुलगी इयत्ता नववीत शिकते. तिला सिकलसेल (एसएस) हा जन्मजात रक्ताचा आजार आहे. तो संसर्गजन्य नाही, सोबत बसल्याने, डबा खाल्ल्याने कोणाला होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये या आजाराचा समावेश आहे. तिला तासाला पाणी पिण्याची आणि बाथरूमला जाण्याची परवानगी असावी. दम लागल्यास खेळातून थांबू द्यावे, उन्हात किंवा थंडीत उभे करू नये. थंडीत स्वेटर घालू द्यावा. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नये. दुखू लागल्यास सोबत दिलेली गोळी व पाणी द्यावे आणि मला फोन करावा. ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक हातपाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे यापैकी काही दिसल्यास माझी वाट न बघता 108 ला फोन करून दवाखान्यात न्यावे. आजारामुळे बुडालेला अभ्यास व चाचण्या भरून काढण्यासाठी सहकार्य करावे."

दोन प्रती करा, एकीवर शाळेचा आवक शिक्का आणि तारीख घ्या, ती तुमच्याकडे. भांडायला नाही, पण उद्या शिक्षक बदलले, हेडमास्तर बदलले की तोंडी बोललेलं सगळं हवेत जातं, कागद राहतो. शाळा सरकारी असो, अनुदानित असो की नुसती मान्यताप्राप्त, सर्वसमावेशक शिक्षण देणं आणि वाजवी सोयी करून देणं हे त्यांच्यावर या कायद्याने बंधनकारक आहे, ते कोणी उपकार करत नाहीये.

आता सर्टिफिकेट. 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, आधीच्या कायद्यात 7 प्रकारचं अपंगत्व होतं, आता 21 आहेत, आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे तीन रक्ताचे आजार आले. ही छोटी गोष्ट नाही. नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारख्या माणसांनी, ज्यांना पुढे 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, सिकलसेलसाठी आयुष्य घातलं, तेव्हा कुठे हा आजार सरकारी कागदावर दिसू लागला. नाहीतर 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार सापडल्याची नोंद झालीये आणि दिव्यांगांच्या कायद्यात नाव यायला 60 वर्षांच्या वर गेली.

अर्ज ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर करायचा, युडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र). मग जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजला बोर्डापुढे तपासणी. सोबत एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा (हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या, नुसता सोल्युबिलिटी या प्राथमिक टेस्टचा चालत नाही, कारण त्यात एएस की एसएस ते कळत नाही. (एएस म्हणजे वाहक, तो रुग्ण नाही, त्याला सर्टिफिकेट लागत नाही आणि मिळतही नाही.) आणि डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याच्या नोंदी, सोनोग्राफी, एक्स-रे, एकूण एक कागद न्या. टक्के ठरवताना आजाराचा त्रास किती वेळा झाला आणि शरीरावर काय परिणाम झाला हे बघतात, आणि मुलीच्या तोंडाकडे बघून ते कोणालाच कळणार नाही, तुमची फाईलच बोलणार. घरी अंगावर काढलेले क्रायसिस फाईलमध्ये नसतात, म्हणून एका वहीत तारीख, कुठे दुखलं, किती दिवस, शाळा किती बुडाली हे लिहीत जा. काहींना ठराविक मुदतीचं सर्टिफिकेट मिळतं, ते मुदत संपायच्या आत रिन्यू करायचं.

40 टक्के किंवा जास्त आले तर बरेच लाभ आहेत, सरकारी आणि अनुदानित कॉलेजात उच्च शिक्षणासाठी 5 टक्के जागा राखीव असतात त्यात ती बसते. 40 च्या खाली आले तरी रडू नका आणि कागद फेकू नका. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये सांगितलंय की परीक्षेत लेखनिकासारखी वाजवी सोय मागायला 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, तोही बाहेरून न दिसणाराच. ज्यांच्या अपंगत्वाचे टक्के कमी पण अडचण खरी त्यांच्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे, नाव लिहून ठेवा. बाकी एसटीत सिकलसेलच्या रुग्णाला सवलत आहे, रेल्वेत उपचारासाठी जाताना भाड्यात सवलत आहे, आणि सरकारी रक्तपेढीत या मुलांना रक्त मोफत मिळायला हवं, रक्ताच्या बदल्यात रक्तदाता आणा म्हणून अडवत असतील तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

पण एका गोष्टीबद्दल मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. सरकारी नोकरीतलं जे दिव्यांगांचं 4 टक्के आरक्षण आहे, त्यात अंध-अल्पदृष्टी आहेत, कर्णबधिर आहेत, हातापायाचं अपंगत्व आहे, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसेबिलिटी, मानसिक आजार आहेत, पण रक्ताचे आजार नाहीत. कायद्याने अपंगत्व म्हणून मान्य, शिक्षणात जागा, नोकरीत मात्र नाही. आणि यातला सगळ्यात वाईट भाग ऐका. सिकलसेलमध्ये बऱ्याच जणांच्या मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, खुबा खराब होतो, माणूस लंगडायला लागतो. लंगडायला लागला की तो हातापायाच्या अपंगत्वाच्या गटात जाऊ शकतो आणि तेव्हा त्याला आरक्षणाचं दार उघडू शकतं. म्हणजे खुबा शाबूत असताना, औषध वेळेवर घेऊन, नोकरी करायची ताकद असताना तुम्ही दिसत नाही, आणि सांधा गेल्यावर, दिवसभर बसणंही कठीण झाल्यावर दिसायला लागता. माझ्या ओळखीच्या मुलांनी हे माझ्यासमोर बोलून दाखवलंय की मॅडम, पाय गेला असता तर बरं झालं असतं. वीस-बावीस वर्षांच्या पोराने असं म्हणावं याचा मला फार त्रास होतो, आणि हे बदलायला हवं, रक्ताच्या आजारांना नोकरीच्या आरक्षणात जागा मिळायला हवी, यासाठी जिथे जिथे निवेदन देता येईल तिथे आम्ही देतो, तुम्हीही तुमच्या आमदार-खासदारांना द्या.

आरक्षण नसलं तरी एवढं मात्र लक्षात असू द्या की नोकरी लागल्यावर फक्त अपंगत्व आहे म्हणून सरकारी कार्यालयाला भेदभाव करता येत नाही, आणि वाजवी सोयी देणं तिथेही लागू आहे. बसून करायचं काम, रात्रपाळी नको, एसीच्या थेट झोताखाली खुर्ची नको, ओपीडीच्या दिवशी रजा, एवढ्यावर माणूस वर्षानुवर्षं उत्तम काम करतो.

शिक्क्याबद्दल विचारलंत. सर्टिफिकेट कपाळावर लावून फिरायचं नसतं, ताई. ते फाईलमध्ये असतं, लागेल तेव्हा दाखवायचं. कोणाला किती सांगायचं हे ठरवायचा हक्क तुमच्या मुलीचाही आहे, ती 14-15 वर्षांची आहे, तिला विचारा. शिक्षकांना सांगणं गरजेचं आहे, तो जिवाचा प्रश्न आहे. सगळ्या वर्गाला सांगायचं की नाही ते ती ठरवेल, आणि शाळेला हेही लेखी सांगा की वर्गात तिचं नाव घेऊन, तिला उभं करून आजाराचं भाषण देऊ नका. चांगल्या हेतूने हे करणारे शिक्षक असतात, 19 जूनला जागतिक सिकलसेल दिन आला की पोरीला स्टेजवर बोलावतात. तिला यायचं असेल तर ठीक. काही मुली स्वतः छान बोलतात. पण जिला नाही बोलायचं तिला मोकळं सोडा. एक जवळची मैत्रीण मात्र हवी जिला सगळं माहीत आहे, दुखायला लागलं की बाईंना सांगायला पळणारी.

सासूबाईंचं लग्नाचं म्हणणं. त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी आजूबाजूला मोडलेली लग्नं बघितली असतील. त्यांना शांतपणे हे सांगा की हा आजार एकट्या आईकडून येत नाही, मूल एसएस असतं तेव्हा ते जीन आई आणि बाप दोघांकडून आलेलं असतं, म्हणजे तुमचा मुलगाही वाहक आहे किंवा असायलाच हवा. मी हे मुद्दाम लिहितेय कारण दहा घरांतल्या नऊ घरांत बोल सुनेलाच लागतो. दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस व्हायची शक्यता 25 टक्के, वाहक व्हायची 50, आणि पूर्ण मोकळं असायची 25. मुलीचा आजार लपवून लग्न लावलं तर सासरी औषध चोरून घ्यावं लागतं, ओपीडी चुकते, दिवस गेल्यावर डॉक्टरांनाच माहीत नसतं, आणि गरोदरपणात सिकलसेल किती धोक्याचं असतं ते मी वेगळं सांगायला नको. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या मुलीने तर मूल ठरवायच्या आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. त्यामुळे लपवणं हे मुलीच्या भल्याचं अजिबात नाही. लग्न ठरवताना नवऱ्यामुलाची तपासणी करून घ्यायची, तो एए (म्हणजे सिकलसेलचा जीन नसलेला) निघाला तर होणारी मुलं वाहक होतील, रुग्ण नाही. अशी लग्नं होतात, चांगली चालतात. केंद्राचं सिकलसेल मिशन 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, त्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरलीये. तपासणी हवीच, पण गावात आशाताई तपासणीच्या निकालाचं कार्ड वाटतात तेव्हा ते चारचौघांत हातात देऊ नये, घरात जाऊन द्यावं, नाहीतर लोक तपासणीलाच येणं बंद करतील, हे आम्ही प्रत्येक ट्रेनिंगला सांगतो.

आणि तुमच्या घरातली बाकी भावंडं तपासली नसतील तर तपासून घ्या, एवढ्यात.

आता लगेच करायचं ते: पत्र या आठवड्यात द्या, एकट्या जाऊ नका, मुलीच्या बाबांना सोबत न्या, शाळेत बापाचं ऐकतात हे बरोबर नसलं तरी सध्या तसं आहे. बाईंशी भांडू नका, त्यांना दवाखान्याचं एक जुनं डिस्चार्ज कार्ड दाखवा. युडीआयडीचा अर्ज सेतू केंद्रात किंवा मोबाईलवरून भरता येतो, पावती जपून ठेवा. दुखण्याची वही आजच चालू करा. आणि लोहाच्या गोळीचं मात्र पत्राची वाट बघू नका, शाळेत गोळी वाटायचा वार कोणता आहे ते मुलीला विचारा आणि त्याच्या आत डॉक्टरांना फोन करून घ्या.